हुंगलेला हार

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, एका चटईच्या निमित्ताने सांगितली.

विहारात रोज संध्याकाळी धर्म ऐकायला येणारा एक म्हातारा उपासक आपले कुत्रे बरोबर आणत असे. कुत्रे तसे गुणी होते. भुंकत नसे, कोणाच्या अंगावर जात नसे. पण येऊन पसरायचे ते नेमके भद्दक नावाच्या भिक्षूच्या चटईवर. भद्दकाला हे मुळीच खपत नसे. त्याने सोबतच्या भिक्षूंपाशी कुरकुर केली, उपासकाला दोन शब्द सुनावले आणि शेवटी तक्रार शास्त्यांपाशी नेली. "भन्ते, ज्याचं कुत्रं त्यानं घरी बांधावं. माझ्या चटईवर केस गाळणाऱ्या ह्या प्राण्याला धर्म काय कळतो?"

शास्त्यांनी कुत्र्याकडे पाहिले, भद्दकाकडे पाहिले आणि ते मंद हसले. "भद्दका, कुत्र्यावरून शेजारी भांडले हे काही आज पहिल्यांदाच घडलं नाही. पूर्वीही घडलं होतं, आणि तेव्हा तू तिथेच होतास."

सर्वांनी आग्रह केला, तेव्हा त्यांनी गतजन्मीची हकीकत सांगितली ती अशी.

फार पूर्वी मंदारनगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मालाकारांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव बकुल. नगराच्या पूर्वेला मालाकारांची आळी होती. पहाटे मळ्यांतून फुले येत आणि उजाडेपर्यंत ओसरीओसरीवर हार गुंफणे चाले. गुंफताना प्रत्येकाच्या नाकाला फडके बांधलेले असे, कारण हुंगलेले फूल देवाला चालत नाही. साऱ्या नगराला सुगंध पुरवणाऱ्या या लोकांना दिवसाकाठी एखादे फूल नाकाशी नेण्याचीही सवड नव्हती, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उलट त्या फडक्याचा त्यांना अभिमानच होता.

अशा या आळीच्या टोकाला रोहक नावाचा एक म्हातारा येऊन राहिला. तो नगराचा जुना द्वारपाल. हातपाय थकले तेव्हा राजाने त्याला तिथले एक रिकामे घर दिले. बायको केव्हाच गेली होती, मूलबाळ नव्हते. होता तो एक तांबूस रंगाचा, पडक्या कानांचा कुत्रा. वेशीच्या दाराखाली थंडीने कुडकुडताना सापडलेले ते पिल्लू रोहकाने आपल्या घोंगडीत वाढवले होते. त्याचे नाव तांबू. म्हातारा जेवताना पहिला घास त्याला देई, आणि मगच स्वतः खाई.

रोज पहाटे रोहक तांबूला फिरायला नेई. खरे तर तांबू फिरे आणि रोहक मागून येई. गळ्यात दोरी नाही, हातात दावे नाही. कोणी म्हटले की "काका, जरा धरून न्या की त्याला," तर रोहक छाती काढून सांगे, "जन्मभर मी लोकांना अडवलं. कोण तू, कुठून आलास, थांब तिथे, हेच बोलत आलो. आता म्हातारपणी ह्या मुक्या जिवाला तरी अडवणार नाही."

बोलणे ऐकायला छान होते. पण त्याची झळ आळीला लागत होती. तांबू या ओसरीवर चढे, त्या ओसरीवरून उतरे. कोणाच्या नुकत्याच काढलेल्या रांगोळीवर पावले उमटवी, कोणाच्या उंबऱ्यापाशी नको ते करून ठेवी, आणि फुलांची परडी दिसली की आधी तिच्यात तोंड खुपसून हुंगे. हुंगलेली परडी वाया गेली म्हणून समजावी. देवासाठी गुंफायला घेतलेली जाईजुई मग ओंजळीओंजळीने फेकून द्यावी लागे.

यात सर्वांत जास्त पोळली होती ती उत्पला. तिचे घर रोहकाच्या घराला लागूनच. तिचा हात गुंफण्यात चपळ होता आणि जीभ हाताहून चपळ होती. एका सकाळी आपल्या मोगऱ्याच्या परडीतून तांबूचे नाक बाहेर येताना तिने पाहिले आणि ती कमरेला पदर खोचून रस्त्यात उभी राहिली.

"काका, हा तुमचा लाडोबा माझी फुलं पुन्हा हुंगून गेला!"

"हुंगलीच ना? खाल्ली तर नाहीत!" रोहक म्हणाला. "फुलं हुंगायची नाहीत तर काय करायची असतात?"

झाले. उत्पला भडकली. आम्ही नाकाला फडकी बांधून बसतो ते काय शोभेसाठी, असे तिने इतक्या मोठ्याने विचारले की आळीच्या दुसऱ्या टोकाची माणसे धावत आली. त्याच संध्याकाळी पिंपळाखाली आळीची बैठक भरली. ज्याच्या त्याच्या तोंडी तांबू. अखेर आळीच्या प्रमुखाने निवाडा दिला, "यापुढे त्या कुत्र्याने आमच्या कोणाचं एक फूल जरी बाटवलं, तर त्याला नदीपार सोडून यायचं."

 घरी येऊन रोहकाने भाकरी कुस्करली, पहिला घास तांबूपुढे ठेवला, आणि स्वतः मात्र त्याला जेवण गेले नाही. नदीपलीकडे रान होते. तांबूचे दात झिजले होते, एका डोळ्याने त्याला अंधुक दिसत होते. तिथे तो चार दिवसही निभावणार नाही हे रोहकाला कळत होते. पण दोरी बांधायची म्हटले की हात धजत नव्हता. दोरी म्हणजे शिक्षा, हेच तो आयुष्यभर वेशीवर पाहत आला होता.

दुसऱ्या पहाटे दारात बोधिसत्त्व उभा. "काका, आज मीही येतो तुमच्याबरोबर फिरायला."

रोहकाला वाटले, हा पाळत ठेवायला आला. पण बोधिसत्त्व गप्पा मारत चालला होता आणि त्याची नजर तांबूवर होती. तांबू घराबाहेर पडला तो आधी कुठे गेला? रोहकाच्याच भिंतीलगत एक ढीग होता, तिकडे. आळीतले सगळे लोक तुटके देठ, सुकल्या पाकळ्या, नासकी फुले तिथे आणून टाकत. ते घर कित्येक वर्षे रिकामे होते, तेव्हापासूनची सवय. घरात माणूस राहायला आला तरी सवय तशीच राहिली होती. तांबूने त्या ढिगात नाक खुपसले, हुंग हुंग हुंगले आणि क्षणात एक उंदीर बाहेर ओढला.

"शाब्बास रे माझ्या वाघा!" रोहकाने त्याची पाठ थोपटली. "काय सांगू बकुल, ह्या ढिगापायी घरात उंदरांचा नुसता सुळसुळाट. हा नसता तर त्यांनी माझी घोंगडीसुद्धा ठेवली नसती."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत ते?"

"कोणाला बोलू? मी इथे उपरा."

बोधिसत्त्व थबकला. ढिगाच्या वरच त्याला बकुळीच्या सुकलेल्या वळेसरांचा पुंजका दिसला, आणि तो त्याच्याच घरचा होता. पण दुसऱ्या दिवशी वसंतपौर्णिमा होती. नगरदेवतेचा उत्सव. आळीतला जो हार सर्वांत सुंदर ठरे, तो देवीच्या गळ्यात पडे आणि तो गुंफणारा वर्षभर राजमालाकार म्हणून मिरवे. बोधिसत्त्वाचा हार अर्धा व्हायचा होता. 'उत्सव आटोपला की सर्वांशी बोलू,' असे मनाशी म्हणून तो घरी गेला आणि हारात गुंतला.

पौर्णिमेच्या पहाटे रोहकाने शहाणपणा केला. सारी आळी हार घेऊन पिंपळाखाली जमेपर्यंत तो घरातच बसून राहिला, आणि रस्ता रिकामा झालेला पाहून मग तांबूला घेऊन निघाला. बोधिसत्त्वाच्या ओसरीसमोरून जाताना तो थबकला. हार अजून तिथेच होता. पाटावर, केळीच्या पानांवर ठेवलेला, पांढऱ्या शेवंतीचा आणि सोनचाफ्याचा, मध्ये लाल कमळांचे पदक असलेला. रोहकाने हाक मारायला तोंड उघडले, पण तोवर तांबू ओसरीवर पोचला होता. त्याने थेट पदकातच तोंड घातले आणि मोठ्याने श्वास घेतला. वर बघितले तेव्हा त्याच्या नाकावर कमळाची एक पाकळी चिकटलेली होती.

त्याच वेळी बोधिसत्त्व हारावर शिंपडायला पाण्याचा कलश घेऊन बाहेर आला.

 रोहक पायरीवर बसला. "बकुल, कोणी पाहिलं नाही रे. फक्त तू आणि मी. पाणी शिंपड आणि ने तो हार. देवी माझ्यावर कोपली तर कोपू दे, पण माझ्या तांबूला नदीपार धाडू नकोस. मला दुसरं कोणी नाही."

एवढे बोलून म्हातारा लहान मुलासारखा रडू लागला. बोधिसत्त्व कलश हातात धरून उभा राहिला. हार न्यावा, तर हुंगलेले फूल देवीच्या गळ्यात जाणार. खरे सांगावे, तर या म्हाताऱ्याचा एकुलता एक सोबती जाणार. त्याने हाराकडे पाहिले. रात्रंदिवस खपून केलेला हार होता, आणि तसा हार त्याच्या हातून पुन्हा उतरेल याचा त्याला भरवसा नव्हता. त्याला वाईट वाटले. मग त्याला ढिगावरची स्वतःची बकुळ आठवली आणि हसू आले.

"काका, डोळे पुसा. खोटं तर मी बोलणार नाही. पण तांबूलाही कुठे जाऊ देणार नाही."

त्याने तो हार उचलला, तांबूच्या गळ्यात घातला आणि दोन्ही पदर एकत्र वळून रोहकाच्या हातात दिले. केळीच्या वाखाच्या दोऱ्यात घट्ट गुंफलेला हार तो. ओढला तरी तुटण्यातला नव्हता. "चला. धरा नीट."

रोहकाने आयुष्यात पहिल्यांदा तांबूला धरले. तांबूने मान वळवून एकदा हाराकडे पाहिले, एकदा धन्याकडे पाहिले, आणि तो रोहकाच्या पायाला पाय लावून असा चालू लागला की जणू उत्सव त्याचाच आहे.

पिंपळाखाली हे तिघे पोचले तेव्हा सगळे वळून पाहू लागले. मग कोणीतरी फिस्सकन हसले. प्रमुखाने मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

"बकुल, हा काय प्रकार? कुत्र्याने तुझा हार हुंगला?"

"हुंगला," बोधिसत्त्व म्हणाला. "म्हणून मी तो त्यालाच दिला. यंदा माझा हार नाही."

"मग निवाडा ठरलेला आहे. कुत्रा नदीपार."

रोहकाची मूठ हारावर आवळली.

"आधी माझ्याबरोबर चार पावलं चला," बोधिसत्त्व म्हणाला, "मग खुशाल पाठवा."

त्याने साऱ्या आळीला रोहकाच्या भिंतीपाशी नेले. ढीग वाफाळत होता, घाण येत होती, उंदीर इकडून तिकडे पळत होते. नाकाला फडकी बांधायची सवय असलेल्या त्या लोकांनी आता पदरही नाकाला लावले.

"हे आपलं सगळ्यांचं. माझंही," बोधिसत्त्व म्हणाला. "आपण रोज फुलांचा ढीग काकांच्या दारात ओततो. तांबू त्यात नाक घालतो, उंदीर धरतो, आणि धनी त्याला शाबासकी देतो. मग फुलांची परडी दिसली की तो तेच करतो. परडी आपली आणि उकिरडा त्याचा, हे त्याने कसं ओळखावं? आपल्याच हाताने आपण त्याला फुलं हुंगायला शिकवलं. आणि काका, तुम्हीही ऐका. दोरी म्हणजे शिक्षा नव्हे. तुम्ही वेस सांभाळत होता ती आतल्या लोकांना सुखाने झोपता यावं म्हणून. तांबूलाही तसंच सांभाळा."

 रोहकाने खाली पाहिले. हातातला हार सैल होता, आणि तांबू त्याच्या पायाशी स्वस्थ बसला होता. म्हाताऱ्याच्या तोंडून हळूच निघाले, "चुकलंच माझं."

तेव्हा उत्पला पुढे आली. आता ही काय बोलते म्हणून सगळ्यांनी श्वास रोखले.

"ह्यातले निम्मे देठ माझ्या घरचे आहेत," ती म्हणाली. "भिंतीला भिंत लागून, पण काकांना वास येत असेल हे माझ्या मनातही आलं नाही." मग ती प्रमुखाकडे वळली. "आणि एक सांगते. ह्या कुत्र्याला नदीपार धाडणार असाल, तर माझा हार मी देवीला देणार नाही."

उत्पलाने हार दिला नाही तर त्या वर्षी देवीच्या गळ्यात घालण्यासारखा दुसरा हार आळीत उरला नव्हता. प्रमुखाने दाढी खाजवली आणि निवाडा मागे घेतला. उत्पलाचा हार देवीला गेला, आणि तीच त्या वर्षीची राजमालाकार झाली.

पुढे आळीने मळ्याच्या कडेला खड्डा खणला आणि देठपाकळ्या तिथे टाकायला सुरुवात केली. त्या खताने मोगरा असा फुलला की उत्पलाची परडी तिलाच उचलवेना. तिने केळीच्या वाखाचा एक मऊसूत गोफ विणला आणि स्वतःच्या हाताने तांबूच्या गळ्यात बांधला. रोहक आता एका हातात गोफ आणि दुसऱ्या हातात खुरपे व राखेची पिशवी घेऊन निघे. तांबूने कुठे काही केले की तो ते तिथल्या तिथे झाकून उचलून नेई. शिवाय आळीत शिरताना तो आपल्या जुन्या वेशीवरच्या आवाजात ललकारी देई, "तांबू येतो आहे हो!" ती ऐकली की ओसरीओसरीवर परड्या उचलून खुंटीला लागत, आणि तांबू ऐटीत रस्त्याच्या मधून जाई. दर वसंतपौर्णिमेला एक हार देवीसाठी आणि एक त्याच्यासाठी, अशी चाल पडली. तांबू गेला तेव्हा आळीने त्याला मळ्याच्या कडेला पुरले, आणि सर्वांत जास्त रडली ती उत्पला.

एवढे सांगून शास्ते थांबले. मग त्यांनी त्या जन्मीची नाती जुळवून दाखवली. "तेव्हाची उत्पला म्हणजे आज विहाराचं अंगण झाडणारी, आणि झाडताना सर्वांना रागावणारी आपली उपासिका. रोहक द्वारपाल म्हणजे हे कुत्रं घेऊन आलेले उपासक. बकुल मालाकार तो मीच."

भद्दकाला राहवले नाही. "भन्ते, मीही तिथे होतो म्हणालात. निवाडा देणारा प्रमुख मीच असणार."

"नाही भद्दका," शास्ते म्हणाले. "तू तांबू होतास."

सभेत हसण्याची लाट उसळली. म्हातारा उपासकही हसता हसता डोळे पुसू लागला. भद्दकाचे कान लाल झाले. त्याने आपल्या चटईकडे पाहिले. कुत्रे तिच्यावर अंगाचे मुटकुळे करून झोपले होते. भद्दक हलकेच चटईच्या कडेला बसला आणि कुत्र्याला मोकळेपणाने पाय पसरता यावेत म्हणून थोडा आणखी सरकला.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, आपल्यालाही कधीतरी कोणीतरी सांभाळून घेतलं होतं, हे ध्यानात ठेवून शेजाऱ्यासाठी असं थोडं सरकून बसणं, हीच मैत्री."