सभा उठेपर्यंत

पूर्वी वेत्रपूर नगरात सुदर्श राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व तेथे न्यायाधीशाच्या कुळात जन्मले आणि पुढे न्यायासनावर बसले. राजाने मद्यबंदी केली होती. मद्य बाळगणाऱ्याला एका दिवसापासून एका महिन्यापर्यंत कैद सांगितली होती. पण महिन्याहून कमी कैद आजवर कोणी दिलीच नव्हती. असे खटले रांगेने येत आणि कोणाला काही न विचारता निकालात निघत.

एके दिवशी त्या रांगेत नंदिल तेली उभा होता. त्याच्याजवळ तुंबाभर मोहाची दारू सापडली होती. त्याला कैदेची भीती नव्हती. घाण्याचा त्याचा आंधळा बैल दुसऱ्याच्या हातच्या पेंडीला तोंड लावत नसे. महिन्याने परतू तेव्हा बैलाचे दावे रिकामे असेल, एवढेच त्याच्या मनात घोळत होते.

“दारू तुझीच?” बोधिसत्त्वांनी विचारले.

“माझीच, महाराज.”

“कोणत्या वेळी पितोस?”

हे कोणी विचारील असे नंदिलला वाटले नव्हते. “दिवेलागणीला. घाण्याची करकर थांबली की घर खायला उठतं. बायको गेल्यापासून.”

“आता घरी कोण असतं?”

“बैल. आंधळा आहे. माझ्याच हातचं खातो.”

नगररक्षक चंडक हसला. “महाराज, तुंब्याला एवढे प्रश्न, मग घागरवाला सापडला तर वर्ष सरेल.”

“सरू दे,” बोधिसत्त्व म्हणाले. मग नंदिलकडे वळून म्हणाले, “एका दिवसाची कैदही कायद्यातच आहे. आजची सभा उठेपर्यंत इथे बस.”

नंदिल खांबाजवळ बसला. उन्हे उतरली. खटले संपले, तरी न्यायाधीश उठेनात. सेवकाने दिवे लावले, तसा नंदिल दारूच्या तलफेने सारखा दाराकडे पाहू लागला.

चंडकाने जांभई दाबली. “महाराज, आता कशासाठी बसायचं?”

“याची वेळ टळायची आहे.”

नंदिलने मान वर केली. न्यायाधीशांच्या पुढ्यातले फलाहाराचे ताट दुपारपासून तसेच झाकलेले होते. ही कैद आपल्या एकट्याची नाही, हे त्याला तेव्हा कळले.

बाहेर अंधार पडला. हळूहळू त्याची तलफ ओसरली. मग बोधिसत्त्व उठले. “जा, बैल वाट पाहत असेल.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नंदिल पुन्हा न्यायसभेच्या दारात उभा राहिला. बैल त्याने बाहेर चिंचेला बांधला होता.

“आज काय सापडलं रे तुझ्याकडे?” चंडकाने विचारले.

“काही नाही. म्हणूनच आलो. सभा उठेपर्यंत बसू द्या.”

चंडकाने खांबाजवळून आपला भाला उचलला आणि जागा मोकळी करून दिली.

एवढे सांगून तथागत म्हणाले, “भिक्षूंनो, तो तेली म्हणजे हा नवा भिक्षू सुजात. काल त्याला विहाराच्या दारात अडवणारा पुण्णक तेव्हा चंडक होता. सुजात ज्याला रोज हाताने भरवतो, तो अंध भिक्षू धम्मिक म्हणजे तो बैल. आणि न्यायाधीश मीच होतो. दोष दाखवून झाल्यावरही जो जवळ बसून राहतो, त्याची ती मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, जाणा.”