पुन्हा पुन्हा उघडलेलं दही

एका गावात एक बाई राहायची. तिच्या विरजणाचा गावभर डंका. कोमट दुधात चमचाभर सोडावं, सकाळी दही अगदी कवडीसारखं. नवरा गलबतावर, वर्षातले दहा महिने समुद्रात. पोरबाळ नाही. घरात बोलायला एक मांजर, तेही दुधापुरतं.

संध्याकाळ झाली की बायका वाटी घेऊन दारात. वाटी भरली की पाठ फिरली. बाईला वाटायचं, यातली एखादी तरी घटकाभर टेकावी.

एके दिवशी ती शिंपिणीला म्हणाली, "बस की गं. गरम भाकरी टाकते."

"अगं बाई, चुलीवर दूध ठेवून आलेय," म्हणत शिंपीण पसार. पुढे महिनाभर तिचं दूध रोज त्याच वेळी उतू जात होतं.

शहाण्या माणसाला एवढ्यात कळलं असतं. पण एकटं माणूस कुठलं शहाणं असायला? बाईनं आणखी जोर लावला. उजाडायच्या आत ती एकेकीच्या दारात हजर. "लागलं का दही? बघू." झाकण काढायची, बोट लावायची, भांडं कलतं करायची. मग ओट्यावर दुपारपर्यंत मुक्काम. "तू माझ्याकडे कधी येतेस? उद्या? मग परवा?"

एकदा सोनारणीच्या बंद दारातून तिला ऐकू आलं, "आली बघा. कुणी आवाज करू नका."

बाई तिथंच उभी राहिली. मग चप्पल हातात घेऊन, पाय न वाजवता परत गेली.

त्यानंतर वाट्या यायच्या थांबल्या. बायका शेजारच्या गावातून विरजण आणू लागल्या. बाईचं कशातच मन लागेना, आणि आजवर कधी न नासलेलं विरजण नासलं.

आता मागायचं कुणाकडे? वेशीपाशी एक म्हातारी राहायची. दोघींची ओळख एवढीच, की विहिरीवर एकीनं मान हलवली तर दुसरीही हलवायची. म्हातारीनं मुकाट्यानं वाटी भरून दिली.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा तिच्या दारात. "आजी, तुमचं विरजण काही लागलं नाही."

"किती वेळा उघडून बघितलंस?"

"सात-आठ वेळा."

"मग कसं लागेल? लावायचं, झाकायचं आणि आपल्या कामाला जायचं."

"आणि तरी नाही लागलं तर?"

"तर ते दूधच तसलं होतं, बये."

बाईनं पुन्हा वाटीभर विरजण घरी नेलं, लावलं, झाकलं; सकाळी दही लागलेलं होतं. त्यानंतर ती कुणाच्या दारात गेली नाही. महिना गेला, दुसरा गेला. शिंपीण आली नाही, सोनारीण आली नाही. मांजरसुद्धा शेजारी दूध प्यायला लागलं.

एका दुपारी म्हातारी रिकामी वाटी घेऊन आली. "माझं नासलं."

तिच्या पदरावर ताज्या ताकाचे शिंतोडे होते. बाईनं पाहिले. 'बसा' हा शब्द ओठांवर आला, तो तिनं गिळला आणि वाटी भरून दिली.

म्हातारीनं वाटी खाली ठेवली आणि आपणहूनच उंबऱ्यावर बसली.

शिंपिणीचं दूध मात्र अजून उतू जातंय म्हणतात.

तात्पर्य: मैत्रीचं विरजण लावावं, झाकण ठेवावं आणि आपल्या कामाला लागावं; जे दूध लागायचंच नाही, त्यात रोज बोट घालून त्याचं दही होत नाही.