कडी नसलेलं गाव

समोरच्या भाताच्या बांधीत ती चौकट एकटी उभी दिसते ना, तिला घर नाही. भिंत नाही, छप्पर नाही, दाराची फळीही नाही. नुसती सागाची चौकट. लाकूड कुजलं की गावचा सुतार नवी घडवतो आणि बरोबर त्याच जागी रोवतो. बांधीचा मालक नांगर तिला वळसा घालून नेतो. मी लहानपणापासून ती बघत आलोय, पण अजूनही तिच्यातून आरपार जायची माझी छाती नाही.

मघाशी आमच्या घरधनिणीनं मला 'डोमाजी' अशी चारचौघांत नावानं हाक मारली, तेव्हा तुमच्यातल्या दोघीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. हसा. बोरपाळात बाहेरून आलेली प्रत्येक सून आधी हसते, मग लाजते, आणि अश्विनातली पहिली संध्याकाळ पाहिली की गुमान हाक मारायला लागते. या तुमच्या कॉलेजच्या बाई वाटेत मला सांगत होत्या की इंग्रजीत मोठ्या संकटाला डिझास्टर म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी 'वाईट तारा' असा अर्थ आहे. तारा कोपला म्हणजे संकट आलं, असं तिकडच्या जुन्या लोकांना वाटायचं. आमच्या पूर्वजांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण अर्थ मात्र तेही नेमका तोच धरून बसले होते, आणि त्यापायी काय झालं ते ही चौकट सांगते.

हे तळं आमच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी बांधलेलं. पाळ, म्हणजे तळ्याचा बांध, मातीची. मातीची पाळ थोडी पाझरतेच, त्याला कोणी भीत नाही. पाझर नितळ असला तर पाळ धड. गढूळ झाला, तर आतली माती वाहायला लागली असं समजायचं आणि धावायचं. म्हणून अश्विनात तळं तुडुंब असताना दिवेलागणीला घरटी एकानं पाळीच्या बाहेरच्या उतारावरून अनवाणी चालत जायचं, अशी रीत होती. ओल डोळ्यांना दिसायच्या आधी तळव्यांना कळते.

अशाच एका अश्विनात, म्हणे, मावळतीला शेपटीचा तारा उगवला. दिवस बुडाला की तो तळ्यावर दिसायचा आणि त्याची शेपटी पाण्यात हलायची. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. उदेभान पाटील हा गावचा मोठा माणूस, त्याचा शब्द खाली पडत नसे. त्यानं सांगितलं की तारा दिसतोय तोवर दिवस मावळताना कोणी बाहेर राहायचं नाही, दारं लावून घ्यायची. जो बाहेर सापडेल त्याला तारा गिळतो, आणि मग त्याच्याच आवाजात घरच्यांना हाका मारत येतो. ओ दिली की ते घर गेलं. हे त्याला कोणी सांगितलं, देव जाणे. पण भ्यालेल्या माणसाला पुरावा लागत नाही.

पाळीवरची फेरी बंद पडली.

गावात फागू नावाचा एक कास्तकार होता. त्याची बायको रेवता, आणि तुळसा नावाची लहानगी लेक. रेवताला तळ्याची काळजी लागून राहिली होती. एका संध्याकाळी ती टेंभा घेऊन निघाली. फागूनं हात धरला, तो सोडवून गेली. तिची पाठ वळली तशी त्यानं कडी घातली.

उतारावर मधोमध तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला. टेंभा खाली धरून तिनं पाहिलं, तर पाणी गढूळ होतं.

ती धावत गावात आली. दारोदार हाका मारत सुटली. घराघरांत माणसं श्वास रोखून बसलेली. त्यांना आवाज ओळखू येत होता, आणि ओळखू येत होता म्हणूनच कोणी उठलं नाही. शेवटी ती स्वतःच्या दारी आली. त्या काळी नवऱ्याचं नाव घेणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. म्हणून तिनं लेकीला हाक मारली.

"तुळसे, वो तुळसे. तुह्या बापाले सांग दार उघडाले. पाळ फुटून राह्यली."

पोरीनं 'माय' म्हणायला तोंड उघडलं, आणि फागूनं त्यावर हात दाबला.

रेवता दार बडवत राहिली. आतून उत्तर येईना तेव्हा तिनं जन्मात केलं नव्हतं ते केलं.

"फागू. फागू, मी रेवताच हावो. दार उघड, फागू."

तो उठायच्या बेतात होता, असं सांगतात. पण नाव ऐकलं आणि जागीच थिजला.

"ते तुही माय नोहे," तो पोरीच्या कानात म्हणाला. "माही बायको माहं नाव घेईनच कशी?"

दार बडवणं थांबलं, पावलं अंगणात गेली. मग उजेड झाला. रेवतानं अंगणातल्या तणसाच्या गंजीला टेंभा लावला होता.

आग म्हटल्यावर मात्र गाव उठलं. ताऱ्याची भीती खरी, पण छपराची त्याहून खरी. भराभर कड्या निघाल्या, माणसं घागरी घेऊन धावली, आणि अंगणात रेवता उभी दिसली, चिखलानं भरलेली, धडधाकट. "पानी इथं नोका वतू," ती म्हणाली. "पोरं घेऊन टेकडीवर चढा." तिचे पाय बघून लोकांना सगळं कळलं. वाद घालायला कोणी थांबलं नाही.

एक दार तेवढं बंद राहिलं, पाळीखालचं पाटलाचं. आगही ताऱ्याचीच माया आहे, असं त्याला वाटलं असावं. रेवता तिकडे धावली. फागू मागून तिच्या नावानं ओरडत होता. ती पाटलाचं दार बडवत असतानाच पाळ सुटली.

पाणी ओसरल्यावर पाटलाच्या घराची ही एवढी चौकट उरली होती. फळी चौकटीत तशीच, आतून कडी लागलेली. घरातलं कोणी राहिलं नव्हतं. फळीच्या बाहेरच्या अंगाला हिरव्या बांगडीची काच रुतलेली होती. ती फागूनं ओळखली. त्याला तेवढीच मिळाली.

त्यानं आधी आपल्या दाराची कडी उपटून तळ्यात टाकली, मग पाटलाच्या फळीची. पाठोपाठ गावानं टाकल्या. तारा तर पुढंही बरेच दिवस तिथंच होता, म्हणे, आणि मग आपला आपण गेला. तुळसा बापाजवळच वाढली, त्याचं सगळं केलं तिनं. पण त्याचा हात तोंडाजवळ येऊ दिला नाही, भरवायला आला तरी नाही.

इंग्रजांच्या शब्दात तारा आहे, असू दे. आमच्या गावात घात झाला की 'कडी लागली' म्हणतात.

आजही अश्विनात दिवेलागणीला आमच्या बायका पाळीवरून अनवाणी चालत येतात आणि दारात उभ्या राहून नवऱ्याला नावानं हाक मारतात. पहिल्याच हाकेला ओ द्यावी लागते, तोंडात घास असला तरी. शेवटची हाक रेवतासारखी त्या चौकटीपाशी, पाटलाला मारतात. तिथून ओ येत नाही. आम्ही सगळे कान देऊन ऐकतो, आणि ती येत नाही.

सूर्य टेकलाच आता. तुमची झोपायची सोय शाळेच्या खोलीत केली आहे. दार नुसतं लोटा, त्यालाही कडी नाही. आणि बाहेरून कोणी तुमचं नाव घेतलं, तर कोण आहे म्हणून विचारत बसू नका. आधी उघडा.