गुडघे टेकल्यावर

माणसाने अजून माळाला कुंपण घातले नव्हते, त्या काळी शेळ्यांच्या एका कळपात करडांच्या टकरींचा खेळ चाले. नियम एकच होता: हरणाऱ्याने गुडघे टेकले, की जिंकणाऱ्याने तिथेच थांबायचे. पंच कुणी नसे. सारा खेळ या एका विश्वासावर उभा होता.

काळबांडा नावाच्या बोकडाचे मात्र मुलगा चांदक्या जिंकला तरी समाधान होत नसे. तो खडकावरून ओरडे, "गुडघे टेकले म्हणून थांबतोस काय रे, बावळटा? हाण आणखी!"

एका संध्याकाळी चांदक्याने बापाचे ऐकले. गुडघे टेकलेल्या तांबू नावाच्या करडाच्या बरगडीत त्याची धडक बसली आणि तांबू उठेना.

काळबांडा खजील होऊन तांबूच्या आईकडे गेला. "वहिनी, पोराचं चुकलं. समज देतो त्याला."

"त्याला कशाला, भावजी?" तांबूला चाटत ती म्हणाली. "त्यानं तुमचंच ऐकलं. माझा उठेल चार दिवसांत. पण गुडघे टेकायला आता सगळीच पोरं भितात."

ते खरे ठरले. पुढच्या टकरीत दोन करडे रक्तबंबाळ झाली, तरी कुणीच गुडघे टेकेना. न राहवून काळबांडा खडकावरून जिवाच्या आकांताने ओरडला, "थांबा रे, पुरे!"

शब्द वाऱ्यात विरले. करडांपर्यंत पोहोचला तो केवळ त्याचा आवाज, आणि त्या आवाजाचा एकच अर्थ त्यांना ठाऊक होता. ती अधिकच त्वेषाने भिडली.