एका सुरातलं 'हो'

त्या दिवशी धुकं पडलं होतं. इतकं दाट, की हातातली काठी दिसावी पण काठीचं टोक दिसू नये. डोंगराखालच्या त्या गावात शाळा दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

शाळेत विश्राम गुरुजी होते. शिकवायचे मोठ्या मायेनं. त्यांची एक रीत होती. वाक्य आपण उचलायचं आणि शेवटचा शब्द मुलांसाठी सोडायचा.

"उन्हानं पाण्याचं होतं...?"

"बाष्पीभवन!" सगळा वर्ग ओरडायचा.

"कळलं का?"

"होऽऽ गुरुजी!"

ते 'हो' असं दणकट, की कौलांवरची पाखरं उडावीत. शाळेला लागून गुरुजींचं घर, आणि त्याच्या शेजारी धोंडिबाआबांचं. आबांची नजर पार गेलेली. त्यांना शाळा बारा महिने धुक्यातच. ते ओट्यावर बसून ऐकायचे आणि म्हणायचे, "गुरुजी, वर्ग असावा तर असा. इतकी तोंडं, पण आवाज एक."

आता बघा, केस पिकायला लागल्यावर या गुरुजींनी पुन्हा शिकायला घेतलं. वर्गात नवी यंत्रं कशी वापरावीत, याची मोठी पदवी. रविवारी पहाटेच्या एसटीनं शहरात जायचं आणि आपल्या पोरांच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसायचं. गाव थट्टा करायचं. "काय गुरुजी, पाटी घेतली का? डबा घेतला का?" गुरुजी हसायचे. "घेतला, घेतला. खोडरबर तेवढं राहिलं." पण मनात एक होतं. पहिला नंबर काढायचा आणि गावाला दाखवायचा.

शेवटचं काम असं होतं, की आपल्याच एका तासाचा व्हिडिओ काढायचा, तो नीट बघायचा आणि पाठवून द्यायचा. गुण त्यावर. म्हणून त्या धुक्याच्या दिवशी गुरुजींनी खिडकीत तांब्याला टेकवून मोबाईल ठेवला. तास असा रंगला म्हणता! गुरुजी मनात म्हणाले, नंबर आपलाच.

एक गोष्ट मात्र राहिली होती. शहरात पदवीला शिकवणाऱ्या बाई वयानं लहान, तरी गुरुजी त्यांचा शब्द मोडत नसत. त्या म्हणाल्या होत्या, "सर, पाठवण्याआधी एकदा आवाज बंद करून बघा."

गुरुजींनी आवाज बंद केला. वर्ग मुका झाला. नुसती तोंडं हलताना दिसली. आणि कोपऱ्यातल्या बाकावर कार्तिकी दिसली. तिचं तोंड सगळ्यांच्या मागून हलत होतं. ती शेजारणीच्या ओठांकडे बघायची, मग आपले ओठ हलवायची. 'बाष्पीभवन' तसंच. 'हो' पण तसंच.

गुरुजींना जेवण गेलं नाही. पोर इतके दिवस समोर बसते, आणि तिचा आवाज कसा आहे तेच आपल्याला आठवत नाही!

मोबाईलमधला तास तर तयार होता. पाठवला असता तर कुणाला कळणार होतं? कार्तिकी काही बोलणार नव्हती. ती बोलतच नव्हती, हीच तर गोष्ट.

दुसऱ्या दिवशीही धुकं होतंच. गुरुजींनी पुन्हा तांब्याला मोबाईल टेकवला आणि म्हणाले, "आज एकसाथ कुणी बोलायचं नाही. कार्तिकी, बाळा, बाष्पीभवन म्हणजे काय गं?"

वर्ग गप्प. एरवी गुरुजींनी उत्तर पुढं केलं असतं, सवयच ती. आज ते तिच्या बाकाशेजारी फरशीवर मांडी घालून बसले आणि थांबले. मागं कुणीतरी खुदकन हसलं. गुरुजी थांबलेच.

बऱ्याच वेळानं पोरीनं मान वर केली. "गुरुजी, मला नाही ठाऊक. मी नुसतं तोंड हलवते."

"शाबास," गुरुजी म्हणाले. "मला पण कालच कळलं. मीही नुसतं तोंडच हलवत होतो."

मग मागून एक हात वर आला. "मला पण नाही येत." मग आणखी एक. मग तर पहिल्या बाकावरच्या हुशार गोपीनाथनंही हळूच हात वर केला.

धुकं विरलं, ऊन आलं, तशी गुरुजींनी पोरं बाहेर काढली. हात ओले करून प्रत्येकानं दगडी पायरीवर पंजा उमटवला. बघता बघता पंजे पुसट झाले, गेले.

"कुठं गेले रे?"

"वर गेले!" कार्तिकी एकदम ओरडली. "गुरुजी, उन्हानं नेले!"

गुरुजींनी हाच तास पाठवला. लांबलचक शांतता, 'मला येत नाही', सगळं तसंच ठेवून. पदवी मिळाली. पहिला नंबर दुसऱ्या कुणाचा तरी आला. गुरुजींना त्याचं फारसं काही वाटलं नाही.

तात्पर्य: सगळ्यांच्या 'हो'मध्ये एखाद्याचं 'नाही' बुडून जातं, ते ऐकायला जो थांबतो, त्याचं शिकणं खरं. पायरीवर पंजे उमटले त्या संध्याकाळी धोंडिबाआबांनी ओट्यावरून गुरुजींना हाक मारली होती. म्हणाले, "गुरुजी, आज एका पोरीचा आवाज आला. तुमच्या शाळेत कोण कोण आहे, ते आता कुठं कळायला लागलं बघा."