अंगठ्यांची मंजुरी

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष तारळेकर नव्या फोनच्या इतके प्रेमात, की समोरासमोरची चर्चाच त्यांना जुनाट वाटायची. एका रविवारी त्यांनी सभेत सांगून टाकलं, "मुलांची बाग काढून तिथे पार्किंग होणार. ग्रुपवर टाकलं होतं, सगळ्यांनी अंगठा दिलाय. म्हणजे मंजूर!"

आम्ही अंगठा दिला होता खरा. पण कशाला, ते कुणालाच आठवेना.

तळमजल्यावरच्या कुसुमताईंनी आपला फोन वर धरला. "अध्यक्ष, गेल्या आठवड्यात तुम्ही टाकलंत, 'माझे सासरे वारले.' त्यालाही आम्ही सगळ्यांनी अंगठाच दिलाय. मग त्यांच्या जाण्यालाही आम्हीच मंजुरी दिली म्हणायची का?"

बाग वाचली. तारळेकरवहिनी मात्र अजून आमच्याशी बोलत नाहीत.