धाकट्या आळीची आमटी

सोनवेलच्या या वेशीतून आत आलात की उजवीकडे थोरली आळी आणि डावीकडे धाकटी. पुरणाचे मांडे फक्त थोरल्या आळीत होतात, आमटी फक्त धाकट्या आळीत. एका चुलीवर दोन्ही कधी शिजत नाहीत. इथल्या आमटीत मूठभर पुरण पडतेच, आणि पाहुण्याने पहिला घास आमटीचा घ्यायचा, मांड्याकडे नंतर बघायचे. तुम्ही मघाशी उलट केलेत. मांड्याचे इतके फोटो काढलेत, आमटीकडे ढुंकूनही पाहिले नाहीत. मी धाकट्या आळीचा, म्हणून मला लागते.

असे सांगतात की वरचा किल्ला नवा होता तेव्हा इथे दोन जावा नांदत होत्या. थोरली भागीरथी, धाकटी चिमा. भागीरथी पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची. ते बघायला अख्खी आळी लोटायची. चिमा आत बसून डाळ शिजवायची आणि डाळीचे निथळलेले पाणी, म्हणजे कट, घेऊन त्याची आमटी करायची. "तिला पुरण आणि मला धुवण," असे ती म्हणे स्वतःशीच पुटपुटायची. भुरकायचे सगळे, नाव मात्र मांड्याचे. चिमाच्या पोटात दुखायचे. दुखणारच!

एकदा भागीरथीचा नवरा मोहिमेवरून सुखरूप परतला. त्यासाठी तिने देवीला मांड्यांचा नवस बोलला होता. नैवेद्य पोचेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा. चैत्रातली यात्रा, वर ऊन रणरणते, आणि ती आदल्या दिवसापासून निर्जळी. त्या सकाळी चिमाने कट काढलाच नाही. डाळ पाण्यासकट गुळात घोटली.

पुरण सैल झाले. हातावर झुलवला की मांडा फाटे, खापरावर पडला की पुरण वाहून जळे. नवी डाळ शिजवायला वेळ नव्हता. भागीरथीचे हात भाजले, पालखी वेशीत आली, तरी एक मांडा धड होईना. शेवटी ती चुलीपुढेच कोसळली.

चिमाला जावेची फजिती हवी होती, तिचा जीव नको होता. आता नैवेद्य पोचल्याशिवाय ती पाणी पिणार नाही, हे चिमाला ठाऊक होते. कट तर नव्हता. तिने त्याच सैल पुरणातले मूठभर घेऊन पाण्यात कालवले, खोबऱ्या-जिऱ्याचे वाटण लावले, चरचरीत फोडणी दिली. फाटक्या मांड्यांचे तुकडे आणि ती आमटी घेऊन ती पालखीकडे धावली. देवीच्या उजव्या अंगाचे फूल पडले म्हणे. नैवेद्य पावला.

घरी येऊन तिने जावेला पाणी पाजले, आमटीचा घास भरवला आणि रडतच सांगून टाकले, "जाऊबाई, डाळीत कट मीच ठेवला. तुमचं कौतुक मला बघवत नव्हतं."

भागीरथीने घास गिळला.

"चिमे, तुझ्या हातची चव मला या जन्मात जमायची नाही. म्हणून तर तुला आतल्या चुलीशी बसवलं. तू बाहेर आली असतीस, तर मला कुणी विचारलं असतं का?"

हात बरे झाल्यावर भागीरथीने वेशीच्या डावीकडे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, चिमाला वेगळी चूल मांडून दिली.

आजही यात्रेच्या सकाळी थोरल्या आळीच्या बायका कटाची घागर आणि मूठभर पुरण घेऊन आमच्याकडे येतात. नैवेद्यात एक मांडा मुद्दाम फाडून ठेवतात. मग आमटी चाखतात आणि "बरी आहे" म्हणतात. याहून जास्त त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलेले नाही. त्यांच्या मांड्याला आम्हीही तेवढेच म्हणतो, आणि दोन्ही आळ्या ताट चाटूनपुसून साफ करतात.